बॅटरीपासून प्लगपर्यंत : जुन्या जीपमधील विद्युतदोषांच्या शोधाचा इतिहास

विलीज कंपनीची जीप, किंवा तिच्याच रचनेवरून भारतात तयार झालेली महिंद्राची जीप, सुरू होत नसेल तर जाणता कारागीर हत्यारांना हात लावण्याआधी एकाच गोष्टीची खात्री करून घेतो, आणि ती म्हणजे सेल्फ मारल्यावर इंजिन फिरते की नाही. इंजिनाला पहिली गती देणाऱ्या विजेच्या मोटरला गॅरेजच्या बोलीत ‘सेल्फ’ म्हणतात. ही मोटर इंजिनाला फिरवत नसेल, तर दोष बहुधा बॅटरीपासून सेल्फपर्यंत जाणाऱ्या जाड केबलच्या मार्गावर असतो. इंजिन जोमाने फिरत असूनही पेट घेत नसेल, तर तो ठिणगी निर्माण करणाऱ्या बारीक तारांच्या मार्गावर किंवा पेट्रोलच्या पुरवठ्यात असतो. या एका प्रश्नाच्या उत्तराने गाडीची अर्धी व्यवस्था संशयातून मोकळी होते आणि उरलेल्या अर्ध्या भागाला पुन्हा तसाच प्रश्न विचारता येतो. क्रमाक्रमाने निदान करण्याची ही पद्धत गाडीच्या रचनेतून, महायुद्धकाळातील लष्करी शिस्तीतून आणि पुढे गावोगावच्या गॅरेजांतील कारागिरांच्या अनुभवातून घडत गेली. गाडीत झालेल्या प्रत्येक सुधारणेबरोबर दोषांचे ठिकाण बदलले, पण शोधाचा क्रम मात्र टिकून राहिला, आणि म्हणूनच त्या क्रमाचा इतिहास स्वतंत्रपणे पाहण्याजोगा आहे.

मोटारगाडीच्या पहिल्या दोन दशकांत इंजिन सुरू करणे हे अंगमेहनतीचे आणि जोखमीचे काम होते. गाडीच्या पुढच्या बाजूने हँडल घालून इंजिन फिरवावे लागे, आणि ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलट फिरून हँडल धरणाऱ्याचे मनगट मोडण्याची भीती असे. म्हणून हँडल मारण्यापूर्वी ठिणगीची वेळ हाताने मागे घ्यावी लागे आणि अंगठा हँडलभोवती न गुंडाळता बोटांच्याच बाजूला ठेवण्याची ताकीद चालकाला दिली जाई. त्या काळात ठिणगीसाठी मुख्यतः मॅग्नेटो वापरला जाई. मॅग्नेटो म्हणजे लोहचुंबकाच्या साहाय्याने स्वतःच वीज निर्माण करणारे यंत्र, ज्याला बॅटरीची गरज नसते. रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ च्या सुमारास उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला आणि तो जगभर पसरला. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी आधी बॅटरीच्या विजेवर चालणारी ठिणगीव्यवस्था तयार केली, आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांमध्ये सेल्फ, दिवे, ठिणगी आणि बॅटरी पुन्हा भरणारा डायनामो या साऱ्यांची एकत्र सांगड घातली. हँडल मारण्याचा त्रास त्यामुळे संपला, परंतु एका बॅटरीवर सर्व काही अवलंबून राहू लागले. मॅग्नेटोच्या गाडीत जो दोष संभवतच नव्हता, तो म्हणजे बॅटरी उतरल्यामुळे गाडी जागची न हलणे, यापुढे सर्वांत नेहमीचा दोष ठरला.

जीप जन्माला आली तेव्हा ही व्यवस्था तीस वर्षे जुनी आणि पूर्ण परिचयाची झालेली होती. अमेरिकन सैन्याने १९४० मध्ये हलक्या टेहळणी वाहनाची मागणी नोंदवली, बँटम कंपनीने पहिला नमुना दिला, आणि अखेर विलीज व फोर्ड या दोन कंपन्यांनी महायुद्धाच्या काळात मिळून सहा लाखांहून अधिक जीप तयार केल्या. चारही चाकांना गती देण्याची सोय, सुमारे २.२ लिटरचे आणि ६० अश्वशक्तीचे चार सिलिंडरचे इंजिन ही तिची वैशिष्ट्ये सर्वश्रुत आहेत. तिची विद्युतव्यवस्था मात्र मुद्दाम साधी ठेवलेली होती. ६ व्होल्टची बॅटरी, ऑटोलाइट कंपनीचा डायनामो, सेल्फ आणि डिस्ट्रिब्युटर, एक कॉइल, एक अँमीटर आणि थोडे दिवे एवढाच तिचा पसारा होता. सेल्फचे बटण चालकाच्या पायाशी होते आणि ते दाबले की बॅटरीचा पूर्ण प्रवाह मध्ये कोणताही रिले न येता थेट सेल्फकडे जाई. रिले म्हणजे लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विद्युत्चुंबकीय खटका. सुरुवातीच्या जीपमध्ये ठिणगीसाठी चावी होती, पुढे सैन्याने ती काढून बिनचावीचा खटका बसवला, कारण रणभूमीवर हरवलेली चावी हाही गाडी बंद पाडणारा दोषच होता. मार्गात जितके दुवे कमी, तितकी दोषाची ठिकाणे कमी, हे सूत्र या रचनेत सर्वत्र दिसते, आणि शेवटचा उपाय म्हणून हँडलही गाडीबरोबरच दिलेले असे.

या साधेपणाला एक मर्यादा होती आणि ती ६ व्होल्टच्या निवडीत दडलेली होती. थंड इंजिन फिरवताना ६ व्होल्टचा सेल्फ २०० अँपिअर प्रवाह घेतो असे धरले, आणि गंजलेल्या टर्मिनलमुळे मार्गात अवघा ०.००५ ओहम इतका विरोध वाढला, तर त्या एका सांध्यावर १ व्होल्ट खर्ची पडतो, म्हणजे बॅटरीच्या एकूण दाबाचा सहावा भाग वाया जातो. तेवढ्याच शक्तीचा १२ व्होल्टचा सेल्फ निम्मा प्रवाह घेतो, त्यामुळे त्याच सांध्यावर अर्धा व्होल्ट, म्हणजे एकूण दाबाचा केवळ चोविसावा भाग गमावतो. ६ व्होल्टच्या गाडीत सांध्याची स्वच्छता चौपट महत्त्वाची का ठरते, याचे उत्तर या हिशेबात आहे. शिवाय जीपमध्ये, इतर मोटारगाड्यांप्रमाणेच, बॅटरीकडे परत येणाऱ्या प्रवाहासाठी वेगळी तार नसून गाडीची चेसिस हाच परतीचा मार्ग असतो, ज्याला ‘अर्थ’ म्हणतात. इंजिन रबराच्या तुकड्यांवर बसवलेले असल्याने ते चेसिसपासून विजेच्या दृष्टीने अलग पडते, आणि दोघांना जोडणारी विणलेल्या तांब्याची पट्टी तुटली किंवा गंजली तर नवी बॅटरी आणि दुरुस्त सेल्फ असूनही इंजिन फिरत नाही. जुन्या जीपमध्ये बॅटरी बदलूनही न सुटलेल्या कित्येक तक्रारींचे मूळ या पट्टीत सापडते, कारण परतीचा मार्ग तारेच्या रूपात दिसत नाही आणि जे दिसत नाही ते तपासण्यातून सुटते.

हे ज्ञान व्यवस्थित क्रमाने मांडण्याचे काम सैन्याने केले. सैन्यात भरती झालेल्या लाखो तरुणांपैकी अनेकांनी आधी कधी गाडी हाकलेली नव्हती, त्यामुळे कसबी मेस्त्रीच्या अंदाजावर विसंबणे शक्य नव्हते. अमेरिकन सैन्याने फेब्रुवारी १९४४ मध्ये जीपसाठी काढलेल्या टीएम ९-८०३ या तांत्रिक पुस्तिकेत देखभालीची कामे पायऱ्यांनी वाटून दिलेली आढळतात. चालकाने काय पाहावे, तुकडीच्या कारागिराने काय करावे आणि कोणते काम मागच्या कार्यशाळेकडे पाठवावे, हे तिच्यात ठरवून दिलेले होते. दोषांची मांडणीही लक्षणापासून कारणाकडे जाणारी होती. भारतीय सैन्यात याच गरजेतून १९४३ मध्ये विद्युत व यांत्रिक अभियंत्यांचा वेगळा विभाग उभा राहिला, जो आज ईएमई या नावाने ओळखला जातो. ब्रह्मदेशच्या आघाडीवर जीपचा मोठा वापर झाला, आणि तेथील चिखल, पाऊस व दमट हवा यांनी विद्युतव्यवस्थेची जितकी परीक्षा पाहिली तितकी युरोपच्या रस्त्यांवरही क्वचितच पाहिली गेली असेल. या अनुभवांचा परिणाम पुढच्या पिढीच्या गाड्यांवर झाला. १९५० मध्ये आलेल्या एम-३८ या लष्करी जीपमध्ये २४ व्होल्टची, पाण्यापासून पूर्ण बंदिस्त केलेली व्यवस्था बसवण्यात आली.

युद्ध संपल्यावर सैन्याच्या शिल्लक सामानातील जीप भारतातील नागरी बाजारात आल्या, आणि लवकरच महाराष्ट्राचा या गाडीशी कायमचा संबंध जडला. जगदीशचंद्र व कैलाशचंद्र महिंद्रा आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी १९४५ मध्ये स्थापन केलेली कंपनी फाळणीनंतर, १९४८ मध्ये, महिंद्रा अँड महिंद्रा या नावाने ओळखली जाऊ लागली, आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगाव येथे सुट्या भागांपासून विलीज जीप जोडण्यास तिने प्रारंभ केला. पुढे सीजे-३बी हे उंच बॉनेटचे रूप भारतात रुजले. त्याच्या नव्या, अधिक उंचीच्या इंजिनामुळे बॉनेट वर न्यावे लागले होते. फाळणीच्या वेळी सैन्याच्या वाहनांची चाचणी व संशोधन करणारी संस्था चकलाल्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, आली आणि तिचे रूपांतर पुढे व्हीआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेत झाले. जीप जोडणारा कारखाना मुंबईत आणि लष्करी वाहने पारखणारी संस्था नगरला, अशी या विषयाची दोन महत्त्वाची केंद्रे महाराष्ट्रातच उभी राहिली.

कारागिराच्या दृष्टीने जीपचा सर्वांत नाजूक भाग ठिणगीचा होता आणि त्याची कार्यपद्धती समजल्याशिवाय दोषांचा अर्थ लागत नाही. बॅटरीचा प्रवाह कॉइलच्या प्राथमिक वेढ्यांतून वाहतो आणि डिस्ट्रिब्युटरमधील सीबी पॉइंट, म्हणजे एकमेकांना टेकणारे दोन लहान धातूचे संपर्कबिंदू, उघडताच तो अचानक तुटतो. या तुटण्याने कॉइलमधील चुंबकत्व कोसळते आणि दुय्यम वेढ्यांत हजारो व्होल्टचा दाब निर्माण होऊन तो रोटरमार्गे १-३-४-२ या क्रमाने प्लगकडे पोहोचतो. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोन ठिणग्या लागतात, त्यामुळे मिनिटाला २,००० फेऱ्यांच्या वेगात पॉइंट ४,००० वेळा उघडतात आणि मिटतात. उघडताना त्यांच्यामध्ये जळणारी ठिणगी पडू नये म्हणून कंडेन्सर बसवलेला असतो. कंडेन्सर निकामी झाला तर पॉइंट काळे पडतात आणि ठिणगी क्षीण होते; तो आतून अर्थला चिकटला तर पॉइंट उघडूनही प्रवाह तुटत नाही आणि ठिणगी अजिबात पडत नाही. विलीज जीपसाठी पॉइंटमधील अंतर ०.०२० इंच आणि प्लगमधील अंतर ०.०३० इंच ठरवून दिलेले होते. फीलर गेज नसलेला कारागीरही ही अंतरे हाताच्या सवयीने राखत असे, परंतु पॉइंटची टाच झिजत जाऊन अंतर कमी होते आणि त्याबरोबर ठिणगीची वेळही सरकते, हे ओळखणारा कारागीर खरा जाणकार मानला जाई.

दोषांवर हवामानाचा ठसाही स्पष्ट दिसतो. कोकणच्या पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या टोपणात दमटपणा साठतो आणि उच्च दाबाची वीज प्लगकडे जाण्याऐवजी ओल्या पृष्ठभागावरून अर्थकडे निसटते. असे वारंवार घडल्यास टोपणावर कोळशाची बारीक रेघ उमटते, आणि मग ते कोरडे पुसूनही उपयोग होत नाही, बदलावेच लागते. देशावरच्या आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात याउलट तापलेली गाडी थांबवल्यावर पुन्हा सुरू होत नाही. त्यामागे कधी तापून निकामी होणारी कॉइल असते, तर कधी नळीतच पेट्रोलची वाफ होऊन पंपाला ते ओढता येत नाही. दोन्हींचे लक्षण सारखेच, म्हणून निर्णय एकाच चाचणीवर ठरतो: प्लगची तार इंजिनाच्या धातूपासून थोड्या अंतरावर धरून सेल्फ मारायचा आणि निळसर, जोरकस ठिणगी पडते का ते पाहायचे. ठिणगी नीट असेल तर इंधनाकडे वळायचे, नसेल तर पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइल या क्रमाने मागे जायचे.

सेल्फच्या बाजूलाही अशाच युक्त्या रूढ होत्या. हेडलाइट लावून सेल्फ दाबला असता दिवे पूर्ण विझले तर सांधा सैल किंवा बॅटरी रिकामी. दिवे मंद झाले तर बॅटरी उतरलेली, किंवा सेल्फ अडकलेला. आणि दिव्यांवर काहीच परिणाम झाला नाही तर प्रवाह सेल्फपर्यंत पोहोचतच नाही, म्हणजे दोष खटक्यात किंवा कार्बन ब्रशमध्ये. एकही उपकरण न लागणाऱ्या या चाचणीत संपूर्ण मार्गाची पारख होते. जीपच्या सेल्फमध्ये बेंडिक्स नावाची रचना असते, जिच्यात मोटर फिरताच दातेरी चाक आट्यांवरून पुढे सरकून फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकते. आट्यांत धूळ साचली की मोटर नुसतीच गरगर फिरते आणि इंजिन जागचे हलत नाही. अशा वेळी तेल घालण्याचा मोह होतो, पण तेल आणखी धूळ धरते, म्हणून आटे धुऊन कोरडे ठेवणे हाच योग्य उपाय ठरतो. चार सिलिंडरचे इंजिन बंद होताना बहुतेक वेळा त्याच दोन ठिकाणी थांबते, त्यामुळे फ्लायव्हीलचे दातेही त्याच दोन ठिकाणी झिजतात. जुन्या जीपमध्ये सेल्फ मधूनमधूनच का लागतो, याचे कारण अनेकदा हेच असते.

बॅटरी पुन्हा भरण्याचे काम डायनामो करतो, आणि त्याच्या सोबतीला कटआउट व रेग्युलेटर असतात. इंजिन हळू चालत असताना डायनामोचा दाब बॅटरीपेक्षा कमी होतो, तेव्हा बॅटरीचा प्रवाह उलट डायनामोत वाहू नये म्हणून कटआउट मार्ग तोडतो; त्याचे संपर्क चिकटले तर रात्रीत बॅटरी रिकामी होते आणि सकाळी दोष सेल्फमध्ये असल्याचा भास होतो. मंद वेगात डायनामो पुरेसा भार देत नाही, ही त्याची जन्मजात उणीव होती, आणि तीच दूर करण्यासाठी १९६० च्या दशकापासून जगभर अल्टरनेटर आला, जो कमी वेगातही भार देतो आणि डायोडमुळे कटआउटवाचून चालतो. पण त्याबरोबर नवे पथ्य आले: इंजिन चालू असताना बॅटरीची तार सोडण्याची जुन्या गॅरेजमधली सवय अल्टरनेटरच्या गाडीत डायोड जाळू शकते. ६ व्होल्टकडून १२ व्होल्टकडे झालेल्या प्रवासातही हेच घडले. सेल्फ सुधारला, पण जुना ६ व्होल्टचा भाग तसाच राहिलेल्या मिश्र जीपमध्ये कॉइल आणि मीटर जळू लागले.

भारतात या बदलांना सुट्या भागांच्या टंचाईची जोड मिळाली. आयातीवरील निर्बंधांच्या काळात मूळ ऑटोलाइटचे भाग मिळणे कठीण झाले, आणि त्यांची जागा हळूहळू देशी उत्पादनांनी घेतली. बंगळूरची मायको १९५१ मध्ये, मद्रासची लुकास-टीव्हीएस १९६१ मध्ये स्थापन झाली. या संक्रमणकाळात दुरुस्ती म्हणजे भाग बदलणे नव्हे, भाग पुन्हा घडवणे होते. जळालेले आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा गाभा, हाताने पुन्हा वाइंड केले जाई. झिजलेला कम्युटेटर लेथवर साफ करून त्याच्या तांब्याच्या पट्ट्यांमधील अभ्रक करवतीच्या पात्याने खोल केले जाई. बुश ब्राँझमधून कातले जात. आणि डांबराने बंद केलेल्या बॅटरीचे सेल उघडून प्लेटा बदलल्या जात. मुंबईत ऑपेरा हाउसचा सुट्या भागांचा बाजार, पुण्यात नाना पेठ आणि कोल्हापुरात उद्यमनगर या ठिकाणी असे कसब एकवटले, आणि ऑटो इलेक्ट्रिशियन हा इंजिनाच्या मेस्त्रीपासून वेगळा व्यवसाय ठरला.

डिझेलच्या आगमनाने दोषांचा नकाशा पुन्हा बदलला. पेट्रोल महागल्यावर १९७० च्या दशकापासून जीपमध्ये डिझेल इंजिने बसू लागली. आधी ट्रॅक्टरच्या रचनेची, आणि १९८० च्या दशकात इगतपुरीच्या कारखान्यातील प्यूजो रचनेची. डिझेल इंजिनात कॉइल, पॉइंट, कंडेन्सर आणि ठिणगीचा प्लग यांपैकी काहीच नसते, त्यामुळे पावसाळ्यात ठिणगी दबण्याचा प्रश्न मिटला. परंतु युद्धकालीन जीपमध्ये हवा जेमतेम साडेसहा पट दाबली जात होती, तर प्यूजो डिझेलमध्ये २० पटींहून अधिक दाबावी लागते, म्हणून सेल्फ आणि बॅटरी दोन्ही मोठ्या झाल्या आणि हँडलचा उपाय संपला. प्यूजो इंजिनात थंडीत सुरू होण्यासाठी ग्लो प्लग, म्हणजे ज्वलनकक्ष आधी तापवणारी विजेची कांडी, लागते. ती किंवा तिचा रिले निकामी झाला की गाडी सकाळी धूर ओकते पण पेट घेत नाही, आणि डिझेलच्या नळीत हवा शिरली तरी लक्षण जवळपास तेच दिसते. सातारा-कोल्हापूर भागातील वडाप आणि मराठवाडा-विदर्भातील काळी-पिवळी या प्रवासी वाहतुकीच्या सेवा याच डिझेल जीपवर चालल्या. त्यांचा इंधनपंप यांत्रिक असल्याने बॅटरी उतरली तरी उतारावरून सोडून किंवा धक्का देऊन गाडी सुरू करता येई, आणि या एका गुणामुळे वीज व गॅरेज दोन्ही दूर असलेल्या खेड्यांतील वाहतूक खंडित झाली नाही.

हा सारा इतिहास लक्षात घेतला तर जुन्या जीपच्या जतनाकडे पाहण्याची दृष्टी बदलावी लागते. आज महाराष्ट्रात अनेक हौशी मालक या गाड्यांचे पत्रे, रंग आणि टायर कसोशीने मूळ रूपात आणतात, पण वायरिंग मात्र बाजारात मिळेल त्या रंगाच्या तारांनी भरतात, आणि मग पुढच्या कारागिराला कोणती तार कोठून कोठे जाते हे कळण्याचा मार्गच बंद होतो. तारांचे ठरलेले रंग, अर्थच्या पट्ट्यांच्या जागा, मार्गातील प्रत्येक सांधा हे सारे दोष शोधण्याच्या क्रमाचेच भाग आहेत. ते पुसले गेले तर क्रमही पुसला जातो. हा क्रम आजवर मुख्यतः उमेदवारीत, उस्तादाच्या शेजारी उभे राहून शिकला गेला, आणि डायनामो व पॉइंटच्या गाड्या हाताळलेली पिढी आता कामातून बाहेर पडत आहे. संगणकाने नियंत्रित होणाऱ्या आजच्या गाडीतही गंजलेल्या अर्थमुळे स्कॅनरवर भलताच दोष दिसू शकतो, आणि बॅटरीचा दाब मोजून मग एकेका सांध्यावरील घट तपासणे हेच पहिले पाऊल राहते. म्हणून औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या कार्यशाळांत एक जुनी जीप तिच्या मूळ वायरिंगसह शिकवण्यासाठी ठेवली जावी आणि अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियनांचे ज्ञान मराठीत लिहून काढले जावे, ही मागणी जुन्याच्या हौसेपोटी केलेली नाही. ज्या यंत्रात विजेचा संपूर्ण मार्ग डोळ्यांनी पाहता आणि हातांनी तपासता येतो, त्यावर शिकलेला विद्यार्थी पुढे कोणत्याही बंदिस्त यंत्रासमोर योग्य प्रश्न विचारू शकतो.